मेळाव्याला जा, पण त्याचं साल आधी विचारा

प्रश्न थोडक्यात असा. व्हर्जिनियात राहायला येऊन दोन वर्षं झालेल्या एका कुटुंबाला मुलाच्या वर्गमित्राच्या आजोबांनी सिव्हिल वॉरच्या, अमेरिकेतल्या १८६१-६५च्या उत्तर-दक्षिण युद्धाच्या, ‘री-एनॅक्टमेंट’ला बोलावलंय. म्हणजे जुन्या वेशात लढाई उभी करण्याचा दोन दिवसांचा मेळावा. आजोबा स्वतः करड्या गणवेशात, दक्षिणेच्या फौजेत उभे राहणार आहेत. आईला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तिथे दक्षिणेच्या फौजेचा ‘तो’ झेंडा असणार, तर आपल्या सावळ्या, नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन जावं का? आणि हरलेल्या बाजूची माणसं दीडशेच्या वर वर्षं उलटल्यावरही दरवर्षी कशासाठी जमतात?

पहिल्याचं उत्तर एका शब्दात देते: जा. दुसऱ्याला वेळ लागेल.

मी मूळची खामगावची. गेली सतरा वर्षं इथल्या रणभूमींवर आणि एका लहानशा संग्रहालयात येणाऱ्यांना माहिती सांगायचं काम करते. पहिल्या वर्षी मला १८६० सालचा लांब झगा घालून उभं राहायला सांगितलं, तेव्हा माझं काय करायचं हे कोणालाच कळेना. मी गोरी मालकीण दिसत नव्हते, गुलाम म्हणून उभं राहायला मी तयार नव्हते, आणि त्या काळच्या व्हर्जिनियात साडीतली बाई दाखवायला काही आधार नव्हता. शेवटी मला कापसाच्या टेबलावर बसवलं. तिथे मात्र मी घरची होते. बोंडातली सरकी बोटांनी काढून दाखवायची, मुलांच्या हातात कापूस द्यायचा आणि सांगायचं की इथल्या जातीच्या कापसातून हाताने सरकी काढली तर दिवसभरात जेमतेम एक पौंड रुई निघते. १७९३ मध्ये ‘जिन’ नावाचं यंत्र आलं आणि हेच काम झपाट्याने व्हायला लागलं. मग मुलं हमखास म्हणतात, म्हणजे गुलामांचे कष्ट कमी झाले असतील! उलट झालं. सरकी झटपट निघायला लागली तशी आणखी लागवड, आणखी वेचणी, आणखी माणसं विकत घेणं. १८६०च्या जनगणनेत गुलामांची संख्या जवळपास ४० लाखांवर गेली होती. या टेबलावरून मला जे दिसलं तेच खाली लिहिते आहे.

आपण मराठीत या युद्धाला सहज ‘यादवी’ म्हणतो. शब्द कुठून आला ते आठवा. प्रभासक्षेत्री यादव दारू प्यायले, एकमेकांची जुनी उणीदुणी काढली, गवताची पाती उपटली तर हातात त्यांची मुसळं झाली, आणि सगळं कुळ आपसांत मारामारी करून संपलं. शाप होता, म्हणून झालं. त्या कथेत कोणाची बाजू खरी हा प्रश्नच उरत नाही. सुरुवातीला मीही माहिती सांगताना मराठी पाहुण्यांना हाच शब्द वापरायची. भावाभावांचं युद्ध, काय ते दुर्दैव. पुढे लक्षात आलं की इथल्या मेळाव्यांनी पन्नास वर्षं खपून नेमकं हेच केलं होतं. त्यांनी युद्धाची यादवी करून टाकली. भाऊ भांडले, दोघेही शूर, दोघांचंही रक्त सांडलं, मिटलं. ज्यांच्यावरून भांडण झालं ती ४० लाख माणसं गोष्टीतून बाहेर.

भांडण कशावरून होतं याबद्दल देशातून फुटणाऱ्या दक्षिणेच्या राज्यांनी स्वतः काही लपवलं नव्हतं. १८६१च्या जानेवारीत मिसिसिपीने संघातून बाहेर पडताना जे निवेदन काढलं, त्यात सुरुवातीलाच लिहिलंय की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप आहे. त्याच मार्चमध्ये दक्षिणेच्या नव्या सरकारचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्स सव्हानात म्हणाले की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, हाच आमच्या राज्याचा कोनशिला-विचार. ‘राज्यांचे हक्क’, ‘जकात’, ‘उत्तरेचं आक्रमण’ ही कारणं नंतर, हरल्यावर, पुढे सरकली. आजोबा बहुतेक तुम्हाला म्हणतील, आमच्या घराण्यात एकही गुलाम नव्हता. ते खरं असू शकतं. फुटलेल्या राज्यांत गुलाम बाळगणारी गोरी कुटुंबं साधारण ३० टक्के होती. पण मिसिसिपी आणि साउथ कॅरोलायनात ती जवळपास निम्मी होती, आणि ज्यांच्याकडे नव्हते त्यांचाही गाडा त्याच कापसावर चाले. आजोबांशी यावरून वाद घालायला जाऊ नका. त्यांच्या पणजोबांचं पत्र असेल तर ते दाखवायला सांगा. पत्रात काय आहे ते ऐकणं वादापेक्षा कितीतरी जास्त शिकवतं. मी अशी पत्रं पाहिली आहेत. त्यात निम्मा मजकूर जुलाब, बूट आणि घरच्या डुकरांबद्दल असतो.

आता मेळाव्यांकडे. माझा एकच नियम आहे. युद्धाचं साल सगळ्यांना पाठ असतं, तुम्ही मेळाव्याचं साल विचारा. हा कार्यक्रम, हा पुतळा, हा झेंडा इथे पहिल्यांदा कधी आला?

सगळ्यात जुन्या मेळाव्यांपैकी एकाचं साल १८६५, तारीख १ मे, गाव साउथ कॅरोलायनातलं चार्ल्स्टन. युद्ध तिथेच, बंदरातल्या सम्टर किल्ल्यावर गोळे टाकून सुरू झालं होतं. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानात दक्षिणेने उत्तरेच्या कैद्यांचा तळ केला होता आणि तिथे मेलेल्या २५७ कैद्यांना धड कफनही न देता पुरलं होतं. गाव उत्तरेच्या हाती पडल्यावर, नुकत्याच सुटलेल्या काळ्या लोकांनी ती प्रेतं उकरून नीट रांगांत पुरली, भोवती कुंपण घातलं, कमान उभारली, आणि १ मेला सुमारे दहा हजार माणसं फुलं घेऊन तिथे आली. पुढे शाळकरी मुलं, मागे बायका, मग पुरुष, मग पलटणी. आपण ज्याला ‘मेमोरियल डे’ म्हणतो, म्हणजे युद्धात मेलेल्या सैनिकांच्या आठवणीचा दिवस, त्याचा हा पहिलावहिला सोहळा होता, असं म्हणायला चांगला आधार आहे. मग हे लोकांना माहीत का नाही? कारण त्याची आठवण ठेवणाऱ्यांच्या हातात गाव राहिलं नाही. शंभरावर वर्षांनी, १९९०च्या दशकात, एका इतिहासकाराला जुन्या कागदांत हा सोहळा परत सापडला. ते मैदान आज एक बाग आहे, आणि बागेला नाव आहे वेड हॅम्प्टन यांचं, म्हणजे दक्षिणेच्या सेनापतीचं.

उत्तरेच्या निवृत्त सैनिकांची ‘ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक’ १८६६ला निघाली. थडग्यांवर फुलं वाहण्याचा ३० मे हा दिवस तिनेच १८६८ला ठरवला. १८९०च्या सुमारास तिचे चार लाखांवर सभासद होते, आणि काही ठिकाणी तिच्या शाखांत काळे आणि गोरे सैनिक एकत्र बसत. तिचा शेवटचा सभासद १९५६ला गेला. दक्षिणेकडे मात्र काम सैनिकांपेक्षा त्यांच्या लेकींनी केलं. ‘युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी’ ही संस्था १८९४ला नॅशव्हिलमध्ये सुरू झाली, मुलग्यांची दोन वर्षांनी रिचमंडमध्ये. कोर्टासमोरच्या चौकात चौथऱ्यावर उभा असलेला जो दगडी शिपाई तुम्हाला गावोगाव दिसतो, तो बहुतेक या बायकांनी वर्गणी काढून बसवलेला, आणि त्यातले बरेचसे १९०० ते १९२० मधले. त्याच काळात दक्षिणेतल्या राज्यांनी कायदे करून काळ्यांची मतं काढून घेतली होती. कोर्टाची पायरी चढणाऱ्या काळ्या माणसाला तो शिपाई काय सांगत असेल, ते वेगळं समजावायला नको.

या बायकांबद्दल माझ्या मनात राग आणि अचंबा दोन्ही आहेत. बाप-भाऊ हरून आले, घर बसलं, आणि यांनी पुतळ्यांवर न थांबता थेट शाळेची पुस्तकं धरली. १९२०च्या आसपास त्यांच्या इतिहास-प्रमुखांनी एक मोजपट्टीच छापली. दक्षिण गुलाम राखण्यासाठी लढली असं म्हणणारं पुस्तक नाकारा, मालक क्रूर होते म्हणणारं नाकारा, आणि ग्रंथालयात असलंच तर त्यावर ‘दक्षिणेवर अन्याय करणारं’ असा शेरा मारा. पुढच्या दोन पिढ्या त्याच पुस्तकांवर वाढल्या. तुम्हाला बोलावणारे आजोबा कदाचित त्यांतलेच. ते खोटं बोलत नसतात. चौथीत शिकवलेलं माणूस सहजासहजी टाकत नाही, हे आपल्यालाही माहीत आहे.

मला सगळ्यात जास्त रेंगाळावंसं वाटतं ते पेन्सिल्व्हेनियातल्या १९१३च्या गेटिसबर्गमध्ये. १८६३च्या जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत तिथे दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ५१,००० सैनिक मेले, जखमी झाले, पकडले गेले किंवा बेपत्ता झाले. गावची वस्ती २,४००. पन्नास वर्षांनी त्याच शेतांत तंबूंचं शहर उभं राहिलं आणि ५३,०००हून अधिक म्हातारे सैनिक तिथे उतरले. उन्हाचा कहर. ३ जुलैला, ज्या दगडी गडग्यावर दक्षिणेची शेवटची चढाई मोडली, त्याच्या दोन बाजूंना सत्तरीतले म्हातारे उभे राहिले आणि गडग्यावरून हात मिळवले. तो फोटो पाहून गळा दाटतो, माझाही दाटतो. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष विल्सन आले आणि म्हणाले, भांडण विसरलं गेलं. त्याच वर्षी त्यांच्याच सरकारने टपाल आणि अर्थ खात्यांत काळ्या कारकुनांना गोऱ्यांपासून वेगळं बसवायला सुरुवात केली होती. उत्तरेकडून पावणेदोन लाखांवर काळे सैनिक लढले होते. गडग्यावरच्या त्या हस्तांदोलनात त्यांचा हात कुठेच नाही.

आणि त्याच गडग्यापासून चालत काही मिनिटांवर एक लहान पांढरं घर आहे. पाहुण्यांना मी तिथे नेतेच. ते एब्रहम ब्रायन यांचं. स्वतंत्र काळा शेतकरी, बारा एकर जमीन. दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली यांची फौज पेन्सिल्व्हेनियात शिरली तेव्हा तिने वाटेत सापडलेली काळी माणसं, स्वतंत्र असोत वा पळून आलेली, पकडून दक्षिणेत गुलाम म्हणून पाठवली. म्हणून ब्रायन कुटुंबासह आधीच निघून गेले. परतले तर घराच्या भिंती गोळ्यांनी चाळण झालेल्या, कुंपण गेलेलं, पीक तुडवलेलं. त्यांनी सरकारकडे १,०२८ डॉलरची भरपाई मागितली. मिळाले १५. रणांगणातली प्रेतं उकरून राष्ट्रीय दफनभूमीत नेण्याचं काम बेसिल बिग्ज या काळ्या गाडीवानाच्या टोळीने केलं. पण गेटिसबर्गचे स्वतःचे काळे सैनिक पुढे वारले तेव्हा त्यांना गावातल्या वेगळ्या, ‘लिंकन’ नावाच्या दफनभूमीत जागा मिळाली. तिथे असे तीसेक जण आहेत. ती दफनभूमी गावातच, एका साध्या रस्त्यावर आहे, आणि बहुतेक बसगाड्या तिथे थांबत नाहीत.

झेंड्याचंही साल विचारा. निळ्या फुलीचा, ताऱ्यांचा जो लाल झेंडा तुम्ही पिकअपवर पाहता, तो दक्षिणेचा राष्ट्रध्वज कधीच नव्हता, तो फौजेचा रणध्वज. तो राजकारणात परत आला १९४८ला, नागरी हक्कांना विरोध करणाऱ्या पक्षाबरोबर. शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरला १९५४ला. जॉर्जियाने आपल्या राज्यध्वजात ही फुली घातली १९५६ला. त्यामुळे मेळाव्यात तंबूसमोर, पलटणीच्या रांगेत, काठीवर दिसला तर तो त्या नाटकाचा भाग समजा. पार्किंगमध्ये गाडीवर दिसला तर तो १८६३चा नसून १९५६चा आहे असं मुलाला सांगा. हा फरक नऊ वर्षांच्या मुलाला कळतो, मी पाहिलंय. चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये २०१५ला नऊ काळ्या माणसांची हत्या झाल्यावर साउथ कॅरोलायनाच्या विधानभवनासमोरून तो उतरला. २०१७ला शार्लट्सव्हिलमध्ये लीचा पुतळा हटवण्यावरून जो हिंसाचार झाला आणि त्यात एका तरुणीचा जीव गेला, त्यानंतर काही गावांनी असे मेळावे रद्दच केले. रिचमंडमधला लीचा १८९० सालचा भला थोरला पुतळा २०२१ला खाली आला.

लढाईचं नाटक करणारे सगळे एका माळेचे मणी नाहीत, हेही सांगायला हवं. बरेचसे निव्वळ छंदवेडे. कोटाची बटणं कोणत्या धातूची, शिवण हाताची की यंत्राची, यावर ते रात्र काढतील. चुकीच्या बुटाच्या माणसाला ‘फार्ब’ म्हणून हिणवतात. दिवाळीत किल्ल्याचा बुरूज चुकला म्हणून रुसणारी मुलं आठवा, तीच जात. माणसं कमी पडली तर सकाळचा करडा शिपाई दुपारी उत्तरेचा निळा कोट घालतो. हल्ली माणसं कमीच पडतात. १९९८च्या गेटिसबर्गला हजारोंनी लोक उतरले होते, आता पोटं सुटली आहेत, दाढ्या खऱ्याच पांढऱ्या आहेत आणि तरुण येत नाहीत. अशी लुटुपुटीची लढाई राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत करू देत नाहीत, म्हणून ती बहुतेक जवळच्या खाजगी शेतात होते. माणसं जिथे खरंच मेली तिथे पडून मेल्याचं सोंग करायचं नाही. मला हा नियम पटतो.

तुमच्या घरासाठी एक धागा मात्र मी मुद्दाम देते, कारण तो खरा आहे. युद्धाआधी इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा तीन चतुर्थांशांहून अधिक कापूस अमेरिकेतून जायचा. दक्षिणेची बंदरं अडवली गेली तसा तो थांबला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आमच्या वऱ्हाडापासून गुजरातपर्यंत शेतं पांढरी झाली, मुंबईत समुद्र बुजवायच्या कंपन्यांचे शेअर लोकांनी डोळे मिटून घेतले. १८६५च्या एप्रिलमध्ये लीने शरणागती पत्करली आणि जुलैत मुंबईचा बाजार झोपला. राजाबाई टॉवरला पैसा देणारे प्रेमचंद रायचंदही त्यात बुडाले. माझ्या टेबलावर मी हे सांगते तेव्हा करड्या कोटातले आजोबा पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे नीट बघतात.

दुसरा धागा कापसाहून मोठा आहे. १८७३ला पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या भल्या लोकांना, ज्यांनी गुलामांना सोडवण्यासाठी स्वतःची झीज सोसली. आपल्या देशबांधवांनी शूद्र भावंडांना सोडवताना तोच कित्ता गिरवावा, अशी इच्छाही त्यांनी तिथेच लिहिली. युद्ध संपून आठ वर्षं झाली होती. इथे अजून पुतळे उभे राहायचे होते, पाठ्यपुस्तकं बदलायची होती, विल्सन यायचे होते. हजारो मैलांवर बसलेल्या त्या माणसाने या युद्धाला यादवी म्हटलं नाही. त्याला ते काय होतं ते सरळ दिसलं होतं.

आता शनिवारचं. टोप्या, पाणी, आणि मुलाच्या कानात घालायला बोळे. तोफेत गोळा नसतो पण दारू असते आणि आवाज छातीत बसतो. जेवण घरून न्या. तंबूवाल्या विक्रेत्यांकडे ‘हार्डटॅक’ नावाचं बिस्कीट मिळतं, पीठ, पाणी आणि मीठ एवढंच. मुलाला एक घेऊन द्या, पण चावायला देऊ नका, दात दुखेल. लढाई बघण्यापेक्षा सकाळी छावणीत फिरा, तेव्हा माणसं निवांत बोलतात. आजोबांना अगदी साधेपणाने विचारा: या तंबूत स्वयंपाक कोण करत असे? दक्षिणेच्या फौजेबरोबर हजारो गुलाम होते, स्वयंपाकी, गाडीवान, मालकाचे नोकर म्हणून. छावणीच्या देखाव्यात ते सहसा नसतात. आजोबा चांगले असतील तर थांबतील, विचार करतील. एकदा एका गृहस्थांनी मला सांगितलं, चाळीस वर्षं हा कोट घालतोय, हे कोणी विचारलं नव्हतं.

आणि डिसेंबरच्या पहिल्या शनिवारच्या आसपास जमलं तर मेरीलँडला अँटिएटमला जा. १७ सप्टेंबर १८६२ला तिथे झालेल्या लढाईच्या त्या एका दिवसात जितके सैनिक मेले, जखमी वा बेपत्ता झाले, तितके, म्हणजे २३,११० दिवे कागदी पिशव्यांत ठेवून शेतभर लावतात. निळे-करडे असा भेद दिव्यांना नाही. गाडीचे फक्त लहान दिवे ठेवून, खाली न उतरता, हळूहळू पुढे सरकायचं. तेही यादवीच्याच नजरेचं आहे हे मला माहीत आहे, तरी मी दरवर्षी जाते. रांग दोन-दोन तास हलत नाही. त्या वेळात मुलाला सांगता येईल की त्या लढाईनंतर पाचच दिवसांनी लिंकनने गुलाम-मुक्तीचा पहिला जाहीरनामा काढला. बाथरूमला आधीच जाऊन या.